वर्गनिरीक्षण आणि विद्यार्थी-प्रगतीचे उद्दिष्ट : महाविद्यालयीन शिक्षकाच्या मूल्यमापनाविषयी काही विचार

प्रस्तावना

शैक्षणिक वर्ष संपत आले की महाविद्यालयातील प्रत्येक शिक्षक स्वमूल्यमापनाचे प्रपत्र भरावयास घेतो. नेमून दिलेल्या तासिका किती, प्रत्यक्ष घेतलेल्या किती, कोणत्या समित्यांवर काम केले, कोणत्या चर्चासत्रास उपस्थित राहिलो, शोधनिबंध कोठे प्रसिद्ध झाले, या सर्वांची नोंद होते. प्रत्येक नोंदीमागे प्रमाणपत्राची छायांकित प्रत जोडली जाते आणि जाडजूड फाइल अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाकडे रवाना होते. अशा फाइली आपण सर्वांनीच तयार केल्या आहेत. त्यांत शिक्षकाविषयी पुष्कळ माहिती असते; परंतु तो वर्गात कसा शिकवतो हे सांगणारा कागद त्यांत बहुधा नसतो, कारण त्याचा वर्ग कोणी पाहिलेलाच नसतो. त्याच्यासमोर बसलेले विद्यार्थी जुलै महिन्यात कोठे होते आणि मार्चमध्ये कोठवर पोहोचले, हेही त्या फाइलीतून कळत नाही.

ही उणीव भरून काढण्याचे दोन मार्ग शालेय शिक्षणाच्या क्षेत्रात दीर्घकाळ चर्चेत आहेत. पहिला मार्ग वर्गनिरीक्षणाचा. दुसरा, विद्यार्थ्यांच्या प्रगतीचे उद्दिष्ट वर्षारंभी लिहून ठेवून वर्षाअखेर ते कितपत साधले हे तपासण्याचा. हे दोन्ही मार्ग गोंदियासारख्या जिल्ह्यातील महाविद्यालयात कसे वापरता येतील आणि त्यांत धोके कोणते आहेत, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे. लेखिकेचे मत आरंभीच नमूद करणे योग्य होईल. हे दोन मार्ग एकमेकांच्या सोबतीनेच उपयोगी पडतात. आणि वेतनवाढीशी वा पदोन्नतीशी त्यांची थेट गाठ मारली की, निदान महाविद्यालयात तरी, दोन्हींतील खरेपणा नाहीसा होतो.

तासिकांची मोजणी

विद्यापीठ अनुदान आयोगाने ३० जून २०१० च्या विनियमांद्वारे शैक्षणिक कामगिरी निर्देशांकाची पद्धत आणली. अध्यापन, सहशैक्षणिक कार्य आणि संशोधन या प्रत्येकासाठी गुण ठरले. त्यानंतर चर्चासत्रांचे आणि नियतकालिकांचे जे अमाप पीक आले त्याची चर्चा पुष्कळ झाली आहे. येथे त्याची पुनरुक्ती नको. १८ जुलै २०१८ च्या विनियमांनी ही पद्धत सोपी केली. महाराष्ट्र शासनाने ८ मार्च २०१९ च्या शासन निर्णयान्वये सातव्या वेतन आयोगासोबत ती स्वीकारली. या विनियमांतील अध्यापनाचा निकष पाहण्यासारखा आहे. नेमून दिलेल्या तासिकांपैकी ८० टक्के वा अधिक घेतल्या असतील तर शिक्षक ‘चांगला’, ७० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान असतील तर ‘समाधानकारक’ आणि ७० टक्क्यांहून कमी असतील तर ‘असमाधानकारक’.

या निकषाची थट्टा करण्याचा हेतू नाही. तासिका न घेणारा शिक्षक ही वस्तुस्थिती आहे आणि तिच्यापुरता हा निकष उपयुक्तच आहे. परंतु ८० टक्के तासिका घेऊन संपूर्ण वर्षभर जुन्या वहीतील टिपणे उतरवून देणारा आणि तितक्याच तासिकांत विद्यार्थ्यांना विचार करावयास लावणारा, हे दोघेही या निकषानुसार सारखेच ‘चांगले’ ठरतात. राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेने २०१७ च्या सुधारित चौकटीत विद्यार्थी समाधान सर्वेक्षणाचा समावेश केला. अभ्यासक्रम वर्गात किती पूर्ण झाला, शिक्षक तयारी करून येतात काय, असे प्रश्न त्यात विद्यार्थ्यांना विचारले जातात. हा बदल स्वागतार्ह होता, मात्र तेथे उत्तर मिळते ते संपूर्ण संस्थेविषयी. अमुक एका शिक्षकाने उद्यापासून काय बदलावे, हे त्यातून समजत नाही.

निकालावर अनुदान : एक जुना धडा

मग विद्यार्थ्यांच्या निकालावरूनच शिक्षकाची पारख का करू नये, असा प्रश्न सहज उद्भवतो. हा प्रश्न नवा नाही. इंग्लंडमध्ये रॉबर्ट लो यांच्या पुढाकाराने १८६२ च्या सुधारित संहितेद्वारे शाळांचे अनुदान मुलांच्या वाचन, लेखन व अंकगणिताच्या परीक्षेवर अवलंबून ठेवण्यात आले. अल्पावधीतच, सर अलेक्झांडर ग्रँट शिक्षण संचालक असताना, मुंबई इलाख्यातही निकालानुसार अनुदानाची पद्धत आली. इंग्लंडमध्ये तिचे परिणाम जवळून पाहणारे शाळा निरीक्षक म्हणजे कवी व समीक्षक मॅथ्यू अर्नोल्ड. त्यांनी आपल्या अहवालांतून वारंवार दाखवून दिले की या पद्धतीमुळे अध्यापन यांत्रिक होते. परीक्षेस लागणारे पुस्तक मुले पाठ करतात आणि वाचता येत असल्याचा आभास निर्माण होतो. अखेर १९ व्या शतकाच्या शेवटच्या दशकात इंग्लंडने ही पद्धत मोडीत काढली.

याच काळात महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे १९ ऑक्टोबर १८८२ रोजी आपले निवेदन सादर केले. प्राथमिक शिक्षणाच्या विस्तारासाठी ते नेहमी उद्धृत केले जाते. परंतु त्यातील शाळा तपासणीविषयीचा भाग तुलनेने दुर्लक्षित राहिला आहे. डेप्युटी इन्स्पेक्टरने वर्षातून एकदा दिलेल्या भेटीचा विशेष उपयोग नाही, शाळांची तपासणी निदान दर तीन महिन्यांनी व्हावी आणि आगाऊ सूचना न देताही भेटी द्याव्यात, असे त्यांनी सुचवले. गावच्या व जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांवर याबाबत विसंबता येत नाही; इतर कामांतून त्यांना सवड मिळत नाही आणि मिळालीच तर त्यांची परीक्षा वरवरची होते, असेही त्यांनी नोंदवले. एकच भेट पुरेशी नसते आणि पाहणाऱ्यास काय पाहावे हे कळावे लागते, हे दोन मुद्दे त्यात आहेत. आधुनिक संशोधन फिरून त्याच ठिकाणी आले आहे, हे पुढे दिसून येईल.

आपल्या राज्यात हा प्रश्न अलीकडेही उभा राहिला होता. २३ ऑक्टोबर २०१७ च्या शासन निर्णयाने शालेय शिक्षकांची वरिष्ठ व निवड वेतनश्रेणी शाळेच्या श्रेणीशी, तसेच नववी-दहावीच्या बाबतीत ८० टक्के निकालाशी जोडली. शिक्षक संघटनांनी तीव्र विरोध केला आणि पुढे ही अट मागे घेण्यात आली. या विरोधास केवळ स्वार्थ म्हणून बाजूला सारता येणार नाही. देवरी वा सालेकसा तालुक्यातील आश्रमशाळेचा ८० टक्के निकाल आणि शहरातील नामांकित शाळेचा ८० टक्के निकाल ही एकच कामगिरी नव्हे. दोन्हीकडील मुले कोठून निघाली हे ठाऊक नसेल तर केवळ पोहोचण्याच्या ठिकाणावरून शिक्षकाचे श्रम मोजता येत नाहीत.

वर्ग पाहणे म्हणजे काय

वर्गनिरीक्षण हा शब्द उच्चारताच आपल्यापैकी अनेकांना बी.एड. च्या सराव पाठांची आठवण होते. निरीक्षण वहीत ‘फलकलेखन सुवाच्य’, ‘आवाज स्पष्ट’, ‘प्रस्तावना आकर्षक’ असे शेरे पडत आणि खाली स्वाक्षरी. अशा शेऱ्यांनी कोणाचे अध्यापन सुधारल्याचे ऐकिवात नाही. शेरा हा निर्णय असतो. निरीक्षणात मात्र आधी नोंद हवी. नेड फ्लँडर्स यांची आंतरक्रिया विश्लेषण पद्धती शिक्षणशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्यास परिचित आहे. दर तीन सेकंदांनी वर्गात काय चालले आहे याची दहा प्रकारांत नोंद करावयाची : सात प्रकार शिक्षकाच्या बोलण्याचे, दोन विद्यार्थ्यांच्या बोलण्याचे आणि एक शांततेचा वा गोंधळाचा. वर्गाच्या वेळेपैकी सुमारे दोन-तृतीयांश वेळ कोणीतरी बोलत असते आणि त्यातील सुमारे दोन-तृतीयांश बोलणे शिक्षकाचे असते, असे फ्लँडर्स यांना आढळले. आपल्या महाविद्यालयांत शिक्षकाचा वाटा यापेक्षा कमी निघेल असे वाटत नाही. शार्लट डॅनियलसन यांनी १९९६ मध्ये मांडलेली चौकट अधिक व्यापक आहे. नियोजन, वर्गातील वातावरण, प्रत्यक्ष अध्यापन आणि व्यावसायिक जबाबदाऱ्या अशी चार क्षेत्रे तीत असून प्रत्येक पातळीचे वर्णन शब्दांत दिले आहे. पाहणारे दोघे वेगवेगळे असले तरी त्यांची मते फार दूर जाऊ नयेत, हा त्यामागील हेतू.

तरीही ती दूर जातात. गेट्स फाउंडेशनच्या साहाय्याने अमेरिकेत २००९ पासून सुमारे तीन हजार शिक्षकांवर झालेल्या अभ्यासात असे दिसले की एका निरीक्षकाने पाहिलेल्या एका पाठावरून शिक्षकाविषयी विश्वासार्ह मत बनवता येत नाही. त्याच निरीक्षकाने आणखी एक पाठ पाहण्यापेक्षा दुसऱ्या निरीक्षकाने पाहिल्यास विश्वासार्हता अधिक वाढते. प्राचार्यांनी वर्षातून एकदा वर्गाच्या दारात पाच मिनिटे उभे राहणे हे निरीक्षण नव्हे, हे यावरून स्पष्ट व्हावे.

निरीक्षणाचे तीन टप्पे सर्वसाधारणपणे मान्य आहेत. आधी निरीक्षक व शिक्षक एकत्र बसून काय पाहावयाचे ते ठरवतात, मग निरीक्षक वर्गात बसून जे घडते ते लिहून घेतो, आणि एक-दोन दिवसांत दोघे त्या नोंदी समोर ठेवून बोलतात. यांतील तिसरा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे आणि आपल्याकडे तोच गाळला जातो.

येथे एक व्यक्तिगत अनुभव नमूद करण्याची अनुमती असावी. शैक्षणिक वर्ष २०२४-२५ मध्ये मराठी विभागातील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना मी माझ्या बी.ए. प्रथम वर्षाच्या अर्थशास्त्राच्या वर्गात बसण्याची विनंती केली. विषय घटत्या सीमांत उपयोगितेचा होता. पाठ उत्तम झाला अशी माझी समजूत होती. त्यांनी मागच्या बाकावर बसून वर्गाचा आराखडा काढला होता आणि कोण बोलले तेथे खूण केली होती. सर्व खुणा पहिल्या दोन बाकांवर होत्या. खिडकीकडील बाजूच्या मुलींपुढे एकही नव्हती. प्रश्न विचारल्यानंतर मी किती थांबत होते हेही त्यांनी लिहिले होते, आणि बहुतेक ठिकाणी उत्तर मीच देऊन टाकले होते. मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात दाखवले होते की शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एक सेकंदच थांबतात आणि तीन सेकंद थांबल्यास उत्तरे लांबीने व दर्जाने वाढतात. हे संशोधन मला वाचून माहीत होते. माहीत असणे आणि आपल्या वर्गात दिसणे यांत अंतर असते.

त्यांची दुसरी नोंद अधिक मोलाची होती. मागच्या बाकावरील ज्या दोन मुलांना मी गप्पा मारतात म्हणून दटावले, त्यांपैकी एक दुसऱ्यास पोवारीतून ‘सीमांत’ या शब्दाचा अर्थ समजावीत होता. त्याने लग्नाच्या पंगतीतील बुंदीचे उदाहरण घेतले होते. अर्थशास्त्र न शिकलेल्या माझ्या सहकाऱ्यांना तो सिद्धान्त तेथे मागच्या बाकावरच कळला. गोंदिया जिल्ह्यातील वर्गात पोवारी, गोंडी, झाडीबोली, छत्तीसगढी वळणाची हिंदी अशा बोली घरी बोलणारी मुले शेजारी शेजारी बसतात आणि आपण त्यांच्याशी पाठ्यपुस्तकाच्या प्रमाण मराठीत बोलतो. कोणत्याही प्रपत्राच्या रकान्यात ही गोष्ट आली नसती.

प्रगतीचे उद्दिष्ट कसे ठरते

निरीक्षणाने अध्यापन दिसते. त्यातून शिकणे झाले की नाही हे दिसेलच असे नाही. त्यासाठी दुसरा मार्ग. अमेरिकेतील डेन्व्हर शहरात १९९९ पासून प्रायोगिक स्वरूपात शिक्षकांनी आपल्या वर्गासाठी स्वतः उद्दिष्टे लिहिण्याची पद्धत आली आणि पुढे ती अनेक राज्यांत पसरली. तिचा गाभा साधा आहे. वर्षारंभी पायाभूत चाचणी घ्यावी, तीवरून विद्यार्थ्यांचे गट ओळखावेत, प्रत्येक गटाने कोठवर पोहोचावे हे पुराव्याच्या स्वरूपासह लिहावे, सत्राच्या मध्यास पडताळावे आणि शेवटी पुन्हा मोजावे. आपल्या जिल्हा परिषद शाळांना २२ जून २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमापासून पायाभूत व संकलित चाचण्यांचा परिचय आहे. म्हणजे आपल्याकडे येणारे विद्यार्थी या पद्धतीतून गेलेले आहेत. शिक्षक मात्र नाहीत.

याच कल्पनेचे दुसरे, अधिक कठोर रूप म्हणजे विद्यार्थ्यांच्या चाचणी गुणांवरून संख्याशास्त्रीय प्रतिमानाद्वारे शिक्षकाचे ‘मूल्यवर्धन’ काढणे. अमेरिकेत त्यावरून नोकऱ्या गेल्या आणि न्यायालयीन वाद झाले. अमेरिकन सांख्यिकी संघटनेने २०१४ च्या निवेदनात स्पष्ट केले की विद्यार्थ्यांच्या गुणांतील एकूण फरकांपैकी शिक्षकामुळे पडणारा फरक बहुतेक अभ्यासांनुसार १ ते १४ टक्के एवढाच असतो. उरलेला भाग शिक्षकाच्या हाताबाहेरचा आहे. डिसेंबर २०१५ च्या नव्या कायद्यानंतर तेथील संघराज्य शासनाने या पद्धतीचा आग्रह सोडला.

याच्या उलट बाजूचाही विचार व्हावयास हवा. कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी आंध्र प्रदेशातील ग्रामीण सरकारी प्राथमिक शाळांत केलेला प्रयोग २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांच्या सुधारणेवर आधारित बोनस, वार्षिक वेतनाच्या सरासरी सुमारे ३ टक्के, दिल्यास दोन वर्षांत गणित व भाषा या दोन्हींत लक्षणीय वाढ झाली. म्हणजे पैशाची जोड सर्वत्र घातकच असते असे म्हणता येणार नाही. परंतु तेथे मोजली गेली ती आरंभस्थितीपासूनची वाढ. चाचण्या शिक्षकांनी नव्हे, बाहेरच्या यंत्रणेने घेतल्या. आणि दुर्बळ विद्यार्थ्यास वर्षाअखेरच्या चाचणीतून गैरहजर ठेवून लाभ मिळू नये याचीही तजवीज होती. महाविद्यालयात अंतर्गत गुण देणारा आणि ज्याचे मूल्यमापन व्हावयाचे तो शिक्षक एकच असतो. या परिस्थितीत उद्दिष्टास पदोन्नती जोडली तर आरंभीची चाचणी अवघड आणि शेवटची सोपी होईल. त्यासाठी कोणी अप्रामाणिक असावयास हवे असेही नाही. मनुष्यस्वभाव पुरेसा आहे.

माझ्या वर्गासाठी मी एकच मर्यादित उद्दिष्ट निवडले : तक्ता वाचून टक्केवारीतील बदल काढणे व त्याचा अर्थ दोन वाक्यांत लिहिणे. पायाभूत चाचणीत साधारण धानाची आधारभूत किंमत दिली होती, २०२३-२४ मध्ये क्विंटलला २,१८३ रुपये आणि २०२४-२५ मध्ये २,३०० रुपये. वाढ ११७ रुपयांची आहे हे जवळजवळ सर्वांनी सांगितले. कित्येकांना किमती तोंडपाठ होत्या, कारण घरी धान खरेदी केंद्राची चर्चा रोजचीच असते. वाढ किती टक्के या प्रश्नावर मात्र कागद कोरे राहिले, आणि काहींनी ११७ टक्के लिहिले. सुमारे ५.४ टक्के हे उत्तर मोजक्यांनीच काढले. त्यावरून तीन गट झाले. पहिल्या गटाने भागाकार व शतमान पक्के करावे, दुसऱ्याने टक्केवारी काढून वाक्य लिहावे, तिसऱ्याने महागाईशी तुलना करावी, अशी तीन वेगवेगळी उद्दिष्टे लिहिली. सर्वांसाठी एकच उंची ठेवली असती तर पहिला गट पोहोचला नसता आणि तिसऱ्यास काही शिकावेच लागले नसते.

नियोजन करताना जी चूक झाली ती सांगणे आवश्यक आहे. मी वेळापत्रक विद्यापीठाच्या सत्राप्रमाणे आखले होते, या जिल्ह्याच्या कामाच्या हंगामांप्रमाणे नाही. जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी असते, दिवाळीच्या सुमारास धानाची कापणी व मळणी, आणि एप्रिल-मे मध्ये तेंदूपाने. मध्यावधी पडताळणीच्या आठवड्यात पहिल्या गटातील निम्म्याहून अधिक विद्यार्थी शेतावर होते. ज्यांना सर्वाधिक गरज तेच चाचणीतून गळतात आणि वर्गाची सरासरी आपोआप चांगली दिसू लागते. हजर असलेल्यांचीच प्रगती मोजून समाधान मानण्याचा मोह त्या वेळी मलाही झाला. गैरहजर विद्यार्थ्यांचे स्तंभ रिकामे ठेवून ते तसेच दाखवणे, हाच प्रामाणिक मार्ग आहे. वर्षाअखेर दुसरा गट बहुतांशी उद्दिष्टापर्यंत आला. पहिल्या गटातील काही आले. काही नाव दाखल असूनही परीक्षेपर्यंत महाविद्यालयात परतलेच नाहीत. त्यांच्यासाठी अध्यापनात काय बदलावे, हे मला अद्याप उमगलेले नाही.

कोणी पाहावे, कागद कोठे ठेवावा

या पद्धती महाविद्यालयात आणावयाच्या तर पहिला प्रश्न निरीक्षक कोण हा आहे. प्राचार्य वा विभागप्रमुख गोपनीय अहवाल लिहितात. त्यांनी पाहिलेला पाठ हा दाखवण्यासाठी बसवलेला पाठ होण्याची शक्यता अधिक. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या सहकाऱ्यांच्या बाबतीत ही अडचण तीव्र आहे. ज्याची पुढील वर्षाची नेमणूक अनिश्चित आहे, त्याला मागच्या बाकावर बसलेला वरिष्ठ मार्गदर्शक वाटणार नाही. आणि आज अनेक विभागांचा भार याच सहकाऱ्यांच्या खांद्यावर आहे. त्यामुळे निरीक्षण समान पातळीवरील दोघांनी परस्परांचे करावे, शक्यतो अन्य विषयाच्या शिक्षकाने करावे, सत्रात निदान दोनदा करावे आणि नोंदीचा कागद ज्याचा वर्ग पाहिला त्याच्याच स्वाधीन करावा, असे सुचवावेसे वाटते. संस्थेकडे केवळ निरीक्षण व चर्चा झाल्याची तारीख जावी. अन्य विषयाच्या निरीक्षकास आशयातील चुका दिसणार नाहीत, ही मर्यादा मान्य आहे. परंतु तो विद्यार्थ्याच्या जागेवरून वर्ग पाहतो.

जबाबदारीचे काय, असा आक्षेप यावर येईल. सार्वजनिक निधीतून वेतन घेणाऱ्याने हिशेब द्यावयास हवा, हे निर्विवाद आहे. तासिकांची मोजणी, हजेरी आणि विद्यार्थ्यांचा अभिप्राय त्यासाठी राहू द्यावेत. वर्गात न जाणाऱ्यासाठी फुल्यांनी सुचवलेली अचानक भेटही असावी. सुधारणेसाठीचे निरीक्षण आणि हिशेबासाठीची तपासणी ही दोन कामे एकाच कागदावर करू गेल्यास तपासणीच शिल्लक राहते, एवढाच लेखिकेचा आग्रह आहे.

माझे उद्दिष्टपत्र मी वर्षाअखेर स्वमूल्यमापन प्रपत्रासोबत जोडण्याचा प्रयत्न केला. ते कोणत्या रकान्याखाली घ्यावे याचा उलगडा न झाल्याने ते परत आले आणि सध्या विभागाच्या कपाटात आहे. सहकाऱ्यांच्या वर्गात मीही दोनदा मागच्या बाकावर बसले. त्यांनी माझ्याकडून आराखड्याची कोरी प्रत मागून घेतली आहे. पुढील पायाभूत चाचणी आम्ही रोवणी आटोपल्यावर घेणार आहोत, आणि प्रश्नपत्रिका ते तयार करणार आहेत, मी नाही.